आईने भिरकावलेलं अश्मयुग

माझ्या आईने एका रविवारी सकाळी तासाभरात अख्खं अश्मयुग उजव्या खांद्यावरून मागे भिरकावून दिलं. चुकून सांडलं नाही, धक्का लागून पडलं नाही. तिने ते नीट निवडून, चिमटीत धरून, निरखून मग फेकलं. आता आई नाही, आमचे सरही नाहीत, आणि मी सत्तरी ओलांडून बसले आहे, तरी तो रविवार आठवला की मला एकटीला हसू फुटतं. सून विचारते, काय झालं? मी म्हणते, काही नाही, वाळू.

एकोणीसशे पन्नासचं दशक निम्मं सरलं होतं. आम्ही मालाडला बैठ्या चाळीत दोन खोल्यांत राहत होतो, वडील फोर्टात कचेरीत कारकून होते, आणि मी कॉलेजात इतिहास घेऊन बी.ए. करत होते. इतिहास घेण्याचं कारण एवढंच, की गणित येत नव्हतं. पण प्राचीन इतिहास शिकवायला जे सर होते ते काडीसारखे बारीक, डोक्यावर सोला हॅट, आणि बोलायला लागले की हातवारे असे, की पहिल्या बाकावरच्या मुली वह्या मागे घ्यायच्या. त्यांनी मला पार बिघडवलं.

त्या वर्षी पावसाळा संपल्यावर कॉलेजची सहल मनोरीच्या किनाऱ्याला गेली. सगळे पाण्यात खेळत होते आणि मी साडी भिजू नये म्हणून वाळूच्या टेकाडांमागे एका खळग्यात बसले होते. काहीतरी टोचलं. उपसून पाहिलं तर दगडाची एक चिपटी, करंगळीच्या नखाएवढी, दोन्ही कडांना धार. मी ती सरांना नेऊन दाखवली. सर बटाटावडा खात होते. त्यांनी वडा खाली ठेवला, चिपटी उन्हात धरली, उलटी केली, आणि सगळ्या वर्गादेखत जिभेला लावली.

"अकीक," सर म्हणाले. "माणसाने घडवलेला. कुठे मिळाला?"

मी खळगा दाखवला. तिथे वाऱ्याने वरची वाळू उडवून नेली होती आणि तळाला काळपट माती उघडी पडली होती. मातीवर शिंपले होते, खापराचे तुकडे होते, आणखी दोन-तीन चिपट्या होत्या. शिवाय सोडावॉटरच्या बाटलीतली एक गोळी आणि अर्धी फणी.

"हीच तर गोम आहे," सर म्हणाले. "वारा वाळू नेतो, जड वस्तू खाली बसतात. हजारो वर्षांपूर्वीचा दगड आणि गेल्या शिमग्यातली फणी एका पंगतीला येतात. वाळूवर मिळालेल्या वस्तूची साक्ष काही कामाची नाही. हे दगड खालच्या काळ्या मातीत आहेत का, ते खणून पाहायला हवं. आणि लवकर. आज वाऱ्याने उघडलंय, पंधरा दिवसांत तोच बुजवून टाकेल."

मग त्यांनी जे सांगितलं त्याने माझी झोप उडाली. पौषात घाटावर एका नदीकाठी मोठं उत्खनन निघणार होतं. सहा आठवडे, तंबूत. आमच्या कॉलेजातून एकाच विद्यार्थ्याला जागा होती आणि ती मिळावी म्हणून वर्गातले दोघे जण टपून होते, एक घाटकोपरचा उंच आणि एक मुलुंडचा गोलमटोल. सर मला म्हणाले, "तुमचे दगड मातीच्या थरात मिळाले, तर तुम्ही चला. नाही मिळाले, तर ह्या दोघांतला एक."

घरी मी हे सांगितलं तेव्हा वडील पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता त्यांनी विचारलं, "सहा आठवडे? तंबूत?" मग बराच वेळ पेपर. मग म्हणाले, "वाळूत दगड मिळाले तर जा." माझ्या वडिलांचा वाळूवर पूर्ण विश्वास होता. तिच्यात काही मिळणार नाही ह्याची त्यांना खात्री होती, म्हणून तर त्यांनी इतक्या उदारपणे शब्द दिला. वर एक अट घातली, की रविवारी आई बरोबर जाईल. निर्जन किनारा, एक मास्तर, दोन पोरं, आणि एकटी मुलगी, हे चालणार नव्हतं.

"मी तिथे काय करू?" आई म्हणाली. "पापड वाळत घालू?"

आई चौथी शिकलेली. अंगाने बारकी, पण हात एक क्षण रिकामा राहिला तर तिला ताप यायचा. त्यामुळे रविवारी सकाळी ती निघाली ती डब्यात दिवाळीच्या उरलेल्या चकल्या, एक काळी छत्री, रेशनच्या तांदळाची पिशवी आणि सूप घेऊन. मी कपाळाला हात लावला.

"आई, सूप कशाला?"

"दिवसभर नुसतं बसून काय समुद्राची आरती करू? आठवड्याचे तांदूळ तरी निवडून होतील."

मालाडहून टांग्याने मार्वे, तिथून होडीने खाडी ओलांडून मनोरी. टांग्यात सगळ्यांची दाटी झाली, सरांच्या फावड्याचा दांडा घोड्याला लागत होता आणि घोडा मागे वळून सरांकडे बघत होता. होडीत आईने एका हाताने होडीची कड आणि दुसऱ्या हाताने सूप धरलं. वाऱ्याने सूप फडफडायला लागलं तसा होडीवाला ओरडला, "सूप खाली घे गो बाय, वारा भरल आणि आपून वसईला जाव!" गोलमटोल इतका हसला की होडी डुलायला लागली. आईने डोळे मिटून रामरक्षा सुरू केली. ती किनारा लागेपर्यंत दोनदा पूर्ण झाली.

खळगा जागेवर होता. पण एका बाजूने वाळू आत यायला लागली होती. सरांनी चार खुंट्या ठोकल्या, सुतळी बांधली आणि पाच फूट बाय पाच फुटांचा चौकोन आखला. मातीच्या वर अजून घोटाभर वाळू होती, ती आधी काढायची. म्हणायला सोपं. आम्ही एक घमेलं बाहेर टाकायचो, दोन घमेली आत घसरायची. उंच म्हणाला, "सर, हे म्हणजे चाळणीने पाणी भरणं झालं." सर म्हणाले, "फावडं चालव." मग गोलमटोल घसरणाऱ्या बाजूला पाठ लावून बसला आणि म्हणाला, "मी भिंत आहे." ती भिंत झकास टिकली. तेवढ्यात सरांची हॅट उडाली आणि समुद्राच्या दिशेने गडगडत निघाली. सर मागे, उंच सरांच्या मागे, मी हसून हसून चौकोनात आडवी. सर हॅट घेऊन धापा टाकत आले ते पहिलं मला म्हणाले, "थरावर लोळू नका." त्यावर भिंतही हसायला लागली आणि वाळू पुन्हा आत आली.

मला वाटतं आम्हाला सगळ्यांना वारा लागला होता. एरवी मी सरांसमोर तोंड वर करून बोलत नसे. त्या दिवशी मी काय काय बडबडले कुणास ठाऊक. पण हसत असतानाही माझी नजर चौकोनावरून हलत नव्हती. मला जायचं होतं. आयुष्यात दुसरं काही इतकं हवंसं वाटल्याचं मला तोवर आठवत नव्हतं.

काळी माती लागली. सरांनी पट्टी लावून दाखवलं, चार बोटं खोल खणायचं, ती माती वेगळी चाळायची, वहीत लिहायचं, मग पुढची चार बोटं. असे थर पाडून खणलं की कुठली वस्तू किती खोल होती ते सांगता येतं. चाळण सरांच्या घरची, गव्हाची. पहिली चार बोटं अख्खी चाळून झाली. वर राहिले शिंपले, मुळ्या आणि एक मेलेला खेकडा. चिपटी एकही नाही. माझा चेहरा पडला. उंचाचा उजळला, पण त्याने तो सभ्यपणे दुसरीकडे वळवला.

आई छत्रीखाली बसून तांदूळ निवडत होती. म्हणजे निवडण्याचा प्रयत्न करत होती. ती एक खडा काढायची आणि वारा चिमूटभर वाळू टाकून जायचा. शेवटी तिने तांदळाची पिशवी बांधली आणि उठून आमच्याजवळ आली.

"काय शोधताय?" तिने सरांना विचारलं.

सरांनी खिशातून माझी चिपटी काढून तिच्या तळहातावर ठेवली.

"आणि हे तुम्ही चाळणीने काढताय? ह्या भोकातून तर हा खडा नाचत जाईल!"

सरांनी चिपटी चाळणीवर ठेवली. ती नाचत गेली. सर बघतच राहिले.

"हे पाखडायला हवं," आई म्हणाली, "आणि मग निवडायला हवं. रेशनच्या तांदळात ह्याहून बारीक असतात. आणा इकडे."

मी दुसऱ्या चार बोटांची माती खणत होते, गोलमटोल ती घमेल्यातून आईला नेऊन देत होता. आई वाऱ्याकडे पाठ करून बसली. सूप दोनदा झटकलं की हलकी धूळ उडून जायची, मग ती सूप मांडीवर घ्यायची आणि उजव्या हाताची दोन बोटं चालू व्हायची. मी लहानपणापासून ते रोज बघत आले होते, म्हणून मला त्यात बघण्यासारखं काही वाटत नव्हतं. सर मात्र वहीत लिहायचे थांबून बघत होते. "ह्यांची नजर बघा," ते उंचाला म्हणाले. आई खुश झाली आणि आणखी वेगाने निवडायला लागली. तासाभरात दुसरा थर संपला.

सर सिगारेटचा रिकामा डबा घेऊन तिच्याकडे गेले. त्यात त्यांनी कापूस घातला होता. "ताई, निघाले का खडे?"

"निघाले तर! पुष्कळ निघाले." आईने सूप पुढे केलं. आत साळसूद काळी माती होती. "बघा, एक जरी खडा राहिला असेल तर नाव बदला."

"वा! आणि काढलेले?"

"काढलेले काय?"

"खडे, ताई. काढलेले खडे कुठे आहेत?"

"टाकले की," आई म्हणाली, आणि उजव्या खांद्यावरून मागे हात केला. "खडे काय ठेवायचे असतात?"

घरी आई मागच्या दाराच्या उंबऱ्यावर, अंगणाकडे पाठ करून तांदूळ निवडायची. वीस वर्षं. खडा सापडला की तो खांद्यावरून मागे जायचा, बघायचंसुद्धा कारण नाही. तोच हात मनोरीला तासभर चालला होता. तिच्या पाठीमागे वाळूचं टेकाड होतं, तिथपासून थेट समुद्रापर्यंत वाळूच वाळू.

पहिला आवाज भिंतीचा आला. "वाट लागली," गोलमटोल म्हणाला. मग उंच खाली बसला आणि त्याच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मग सर. सरांनी हॅट तोंडावर धरली होती आणि हॅटमागून कुकरची शिट्टी वाजावी तसा आवाज येत होता. मला मात्र हसू आलं नाही. मी ओरडले, "आई! काय केलंस हे! सगळं घालवलंस माझं!"

आईने माझ्याकडे पाहिलं. तिला तोवर कळलं नव्हतं. मग कळलं. ती सूप बाजूला ठेवून, लुगडं खोचून, चार पायांवर त्या वाळूत शोधायला लागली. तिच्यामागे आम्ही सगळे. पाच माणसं ओणवी होऊन वाळू चिवडत होती, आणि एक कुत्रं लांबून येऊन आमच्यात सामील झालं. अकरा चिपट्या मिळाल्या. अकरा! लाल, मधाळ, एक तर दुधासारखी. मी ओंजळ घेऊन सरांपुढे नाचले.

सरांनी हसणं थांबवून डोळे पुसले. "सुंदर आहेत," ते म्हणाले. "पण आता ह्यांचा उपयोग नाही. वाळूतून वेचलेल्या झाल्या ना पुन्हा."

"पण त्या मातीतून मीच काढल्यात," आई म्हणाली. "मी सांगते ना."

"ताई, माझा विश्वास आहे. पण अहवालात काय लिहू?"

"लिहा, हिच्या आईने सांगितलं."

"तसं लिहिता येत नाही हो."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

हा वाद चांगला दहा मिनिटं चालला आणि आई त्यात हरली नाही. शेवटी तीच म्हणाली, "बरं, ह्याच्याखाली अजून माती आहे ना? मग खणा. ह्या वेळी ठेवते."

चारची होडी शेवटची. पुढे ओहोटीला खाडीत चिखल. आम्ही तिसरी चार बोटं खणायला घेतली. कुणी चकली खाल्ली नाही. आईपुढे पहिलं घमेलं आलं, तिने पाखडलं, बोटं चालू झाली, एक खडा चिमटीत आला आणि हात सरळ खांद्याकडे निघाला. आम्ही सगळे किंचाळलो. हात थबकला. आई स्वतःच्या हातावरच चिडली. "मेल्याला सांगितलेलं कळत नाही," म्हणाली. पण पुढच्या खड्याला तेच. मग मी खणायचं काम उंचाला देऊन आईच्या उजव्या अंगाला बसले आणि तिच्या खांद्यापाशी तळहात पसरला. हात वर आला की चिपटी माझ्या तळहातात. पुन्हा वर, पुन्हा तळहातात. ती बघत नव्हती, मी बघत होते. पाचव्या-सहाव्या वेळी ती खुदकन हसली, मग मला आलं, मग दोघींना आवरेना. सूप हलत होतं, सर ओरडत होते, "सांडेल, सांडेल!" आई हसत हसत निवडत होती. मी तिला इतकं हसताना कधी बघितलं नव्हतं.

डब्यात नऊ चिपट्या जमल्या आणि तरी सर म्हणाले, "एक तरी जागेवर दिसायला हवी होती." तेव्हा आई सूप झटकता झटकता खड्ड्याच्या काठाकडे बघून म्हणाली, "ती काय तिथे एक. अर्धी बाहेर आलीय." दहा पावलांवरून. कुणालाच दिसेना. आईने सवयीने उठून तिकडे हात नेला आणि सर, उंच, भिंत आणि मी एका सुरात ओरडलो, "हात नको!" मी तिची दोन्ही मनगटं धरली. काळ्या मातीच्या कडेत, वाळूच्या थराच्या वीतभर खाली, लाल अकीकाची धार होती. सरांनी उसना आणलेला कॅमेरा काढला, पट्टी लावली, फोटो घेतला, आणि मग ते वाळूत एक गिरकी घेऊन आले. खरोखरची गिरकी. उंचाने माझा हात हातात घेऊन हलवला. "जा बाई तू," म्हणाला. मी त्याच्यासमोर रडले.

सामान बांधताना सर आईला म्हणाले, "ताई, तुम्हीही चला उत्खननाला. असा हात आमच्याकडे नाही."

"काहीतरीच!" आई म्हणाली आणि सूप झटकत राहिली. सूप कधीच स्वच्छ झालेलं होतं.

परतीच्या होडीत तिने रामरक्षा म्हटली नाही. खाडीच्या मध्यावर ती माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, "सरांनी मला खरंच विचारलं, की आपलं म्हणायचं म्हणून?"

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिला जायचं होतं. ते अगदी स्वच्छ दिसत होतं. तंबू, नदी, सहा आठवडे, हे सगळं माझं होतं, आणि तिथे आई छत्री घेऊन शेजारी बसलेली मला नको होती.

"आपलं म्हणायचं म्हणून," मी म्हटलं.

"तेच म्हटलं मी," आई म्हणाली. आणि तिने पिशवीची गाठ पुन्हा आवळली.

त्या संध्याकाळी वडिलांच्या प्रत्येक घासाला कचकच वाजत होतं. तांदूळ पाच पाण्यांनी धुऊनही मनोरी त्यांच्यात शिल्लक होती. मी नऊ आणि एक दहा चिपट्यांचं पुराण तीनदा सांगितलं. वडिलांनी पाण्याने तोंड खळखळून चूळ भरली आणि म्हणाले, "शब्द दिलाय. जा." माझी ट्रंक आईनेच भरली.

पौषात मी गेले. नदीकाठी ओळीने तंबू लावले होते. सर पुढे आले, माझ्या मागे बघितलं, टांग्यात बघितलं, मग म्हणाले, "हे काय, ताई नाही आल्या? मी उत्खननाच्या मुख्य साहेबांना सांगून त्यांचं नाव घातलं होतं."

"घरी बाबांचं कोण बघणार?" मी म्हटलं.

तंबूत दोन खाटा होत्या. दुसरीवर मी माझी ट्रंक ठेवली.